कोपरचे लुथरन बाळकुमला

चार लुथरन एकत्र आले की गीत सुरू होतं, आणि गीत संपलं की किस्सा! आमच्या कोपरच्या मंडळीत नवीन माणूस आला की त्याला उपासनेचा क्रम कळायला एक रविवार लागतो, आणि किस्से कळायला अख्खं वर्ष. ते कोणी कुठे लिहून ठेवत नाही. नाताळच्या करंज्या तळताना, बारशाच्या पंगतीत, निघताना दारात चपला घालता घालता एकजण म्हणतो, "अगं, ते बाळकुमचं ऐकलंस का?" की झालं, घातलेल्या चपला परत निघतात.

तर मी आज ते बाळकुमचंच सांगते. मी मंडळीची सेक्रेटरी, शीला साळवे. सगळ्याच्या मध्ये मी होते. कोणी वेगळं सांगितलं तर ऐकून घ्या, पण खरं माझं माना.

आधी एक खुलासा. 'मंडळी' म्हणजे आमच्यात चर्च. म्हणजे इमारत नव्हे हं, माणसं. इमारत आमच्याकडे नाहीच! कोपर स्टेशनजवळ एका क्लासवाल्याचा हॉल आम्ही रविवारी सकाळी घेतो. फळ्यावर शनिवारची गणितं तशीच असतात, त्यांच्याखाली आमची उपासना. पण मराठीतून, पेटी-ढोलकीवर, आणि असं दणदणीत गाणं डोंबिवलीत दुसरीकडे कुठे ऐकायला मिळालं तर मला येऊन सांगा. हे मी गर्वाने नाही, अभिमानाने बोलतेय. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, म्हणतात, त्या दोन्हीत फरक आहे. मला तो अजून सापडलेला नाही.

*

आमचे पाळकसाहेब तरुण. दाढी कोवळी, उत्साह दांडगा. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आत्मिक नवीकरणासाठी आपण शनिवार-रविवार ठाण्याजवळ बाळकुमला शिबिर घेतोय. इंग्रजीत याला रिट्रीट म्हणतात."

पहिल्या रांगेत मार्थाआजी बसतात. मंडळीत सगळ्यात वयस्कर. एका कानाने कमी ऐकू येतं, दुसऱ्याने नको तेवढं.

"री-ट्रीट?" आजी म्हणाल्या. "अहो पाळकसाहेब, पण पहिली ट्रीट कधी दिलीत?"

नवीकरणाची सुरुवात अशी झाली.

आता आमचे हे. हे पोलीस हवालदार आहेत. दोन दिवसांची सुट्टी म्हणजे साहेबांपुढे उभं राहणं आलं. यांनी अर्ज केला, 'मंडळीच्या शिबिरास जाणेकामी रजा मिळावी.' साहेब साताऱ्याकडचे, जुन्या वळणाचे. त्यांच्या घरात मंडळी म्हणजे बायको.

"साळवे, शिबिर मंडळींचं आहे ना? मग मंडळींना जाऊ दे की. तू कशाला?"

"साहेब, मी नसलो तर मंडळीचं चालत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"पंचवीस होऊन गेली, साहेब."

"आणि अजून तुझ्यावाचून चालत नाही?"

"सगळे वाट बघत असतात, साहेब!"

साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. वर शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाले, "नुकतंच लग्न झालंय ना तुझं? बघ, शिक जरा!"

हे घरी आले ते छाती पुढे काढूनच. मी म्हटलं, साहेबांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडू नका. आपलं काय जातंय!

*

पण हे शिबिर निघालं कशासाठी, ते सांगायला हवं. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आमच्या मंडळीत याकोबकाका आणि रूथमावशी, सख्खे भाऊ-बहीण. काका कारखान्यात फिटर होते, पण देवाने त्यांना जन्माला घातलं ते पेटीसाठी. मावशी नर्स. अर्ध्या कोपरला त्यांनी इंजेक्शनं टोचलीत. आणि गळा असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला पत्ता लागायचा नाही. काकांची पेटी आणि मावशींचा आवाज, ही आमच्या मंडळीची शान होती. दुसऱ्या मंडळ्यांमधून लग्नाची बोलावणी यायची दोघांना!

मावशींचे यजमान जालन्याचे. ते वारले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दफनाला मावशींनी त्यांच्या आवडीचं गीत धरलं, ते गायचे त्या जालन्याच्या चालीत. काका लहानपणापासून नगरच्या चालीत वाढलेले. गीत एकच, शब्द तेच. पण दुसऱ्या ओळीला नगरची चाल खाली उतरते आणि जालन्याची वर चढते. मावशी वर गेल्या, पेटी खाली गेली. आणि काकांनी काय करावं? पेटी थांबवली. कबरेपाशी! आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "रूथ, चाल चुकतेय."

मावशींनी गीत तिथेच सोडलं. त्या दिवसापासून त्या भावाशी बोलल्या नाहीत आणि मंडळीत गायल्या नाहीत. गीत सुरू झालं की नुसते ओठ हलवायच्या. काकाही हट्टी. तो माणूस पेटीशिवाय कोणाची माफी मागणाऱ्यातला नव्हेच.

आमच्यात एक शिस्त आहे. ज्याच्याशी वाकडं आलंय त्याच्याशी आधी समेट करायचा, मगच प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे जायचं. पुष्कळजण हे सोयीने विसरतात. मी कोणाची नावं घेत नाही. पण ही दोघं विसरली नाहीत. सगळी मंडळी उठून पुढे जायची, आणि काका पेटीमागे, मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत, अशी दोघं बसून राहायची. एवढ्या वर्षांत एकदासुद्धा उठली नाहीत. मला बघवायचं नाही, खरंच सांगते.

पाळकसाहेबांनी शिबिर काढलं ते यासाठी. मला म्हणालेले, "साळवेबाई, रविवारी दुपारी आपण बाळकुमला प्रभूभोजन घेऊ. त्याआधी ही दोघं एकमेकांशी एक वाक्य जरी बोलली ना, तरी माझं नवीकरण झालं!"

*

शनिवारी सकाळी मिनीबस निघाली आणि शिळफाट्याला अडकली. यात काही नवल नाही, शिळफाट्याला न अडकलेला डोंबिवलीकर मी बघितलेला नाही. पण मी शेवटच्या सीटवर मधोमध बसलेली. डाव्या खिडकीला याकोबकाका, उजव्या खिडकीला रूथमावशी. मुद्दाम कोणी बसवलं मला तिथे? पाळकसाहेबांनी!

पाच मिनिटं गेली. मग उजवीकडून, "शीला, त्यांना विचार, बीपीची गोळी घेतली का."

"काका, बीपीची..."

"ऐकलं मी. तिला सांग, घेतली."

"मावशी, घेतली म्हणतायत."

"सांग, खोटं बोलतायत. त्यांची गोळी खाल्ल्यावर असते, आणि सकाळपासून खाल्लेलं नाही काही. डबा माझ्या पिशवीत आहे."

कारण बोलणं बंद होतं, डबा बंद नव्हता! काकू गेल्यापासून काका एकटे राहतात. रोज दुपारी मावशींचा डबा शेजारच्या मुलीच्या हातून त्यांच्याकडे जातो, आणि रिकामा डबा धुऊन, पुसून परत येतो. इतकी वर्षं. एक शब्द नाही, पण एक खाडाही नाही.

मी डबा डावीकडे दिला.

"शीला, विचार तिला, भाजीत मीठ का नाही."

"त्यांना सांग, बीपी."

"तिला सांग, बीपी मला आहे, भाजीला नाही."

मुंब्र्यापर्यंत मी उजवी-डावी मान वळवून वळवून थकले. शेवटी म्हटलं, "माझी मान दुखायला लागली. मी आता झोपते. तुम्हाला काय बोलायचंय ते डायरेक्ट बोला!" आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मनात म्हटलं, हीच ती वेळ. बसमध्ये सगळ्यांचे कान मागे लागलेले. ढोलकीवाला तर सीटवर उलटाच होऊन बसलेला.

पूर्ण मिनिटभर काही नाही. मग काका खाकरले. आणि मागच्या सीटवरूनच ओरडले, "ओ ड्रायव्हरसाहेब! जरा त्या बाईंना विचारता का, लोणचं आणलंय का!"

*

बाळकुमला पाटलांच्या बंगल्यामागे मोठा हॉल आहे. समोर अंगण, बाजूला पडवी. पाटील तिथले मूळचे. जिथे आता टॉवर उभे आहेत तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती. गळ्यात जाड चेन, पायात साधी स्लीपर, आणि बोलणं एक घाव दोन तुकडे.

आम्ही कापडी बॅनर काढला. ढोलकीवाल्याने हातोडा काढला. पाटील अंगणातूनच ओरडले, "ओ! भितीला खिला ठोकाचा नाय! रंग नवीन हाय."

आता बॅनर लावायचा कसा? पाळकसाहेब पुढे झाले. त्यांना वाटलं, जरा इतिहास सांगितला तर काम होईल.

"पाटीलसाहेब, आम्ही लुथरन. आमची सुरुवातच खिळ्याने झाली. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका संन्याशाने चर्चच्या दारावर खिळे ठोकून कागद लावला, की इथे जे चाललंय ते बरोबर नाही! त्या एका कागदाने धर्मसुधारणा झाली, जग बदललं. तर खिळा म्हणजे आमची परंपरा आहे हो."

पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "दार त्याचा होता का?"

पाळकसाहेब गडबडले. "नाही. म्हणजे, चर्चचं होतं."

"बगा! दुसऱ्याचे दाराला खिला ठोकला म्हनून पाचशे वर्सा झाली, आजून लोकां बोलतान." पाटील वळले. "जर्मनीला खिला ठोका. बालकुमला सेलोटेप!"

तर आत्मिक नवीकरण शिबिराचा बॅनर सेलोटेपवर लागला. दर तासाला एक कोपरा सुटायचा, आणि मार्थाआजी म्हणायच्या, "सुधारणा हलली बघा परत!"

*

पहिल्या सत्राला पापकबुली. आम्ही उपासनेच्या सुरुवातीला सगळे मिळून देवापुढे पाप कबूल करतो आणि पाळक क्षमा जाहीर करतात. पाळकसाहेब म्हणाले, आज कबुली मंडळीतलं कोणीतरी चालवू दे. आणि नजर पडली आमच्या ह्यांच्यावर.

मी नको नको म्हणून खुणा करतेय. पण हे उठले, पट्टा वर केला आणि उभे राहिले सावधान!

मंडळी पुटपुटली, "आम्ही पाप केलं आहे..."

"आवाज नाही आला," हे म्हणाले. "पुन्हा."

मंडळी जरा मोठ्याने म्हणाली.

"आणि 'आम्ही' कोण? 'आम्ही' म्हणून गर्दीत लपायचं नाही. प्रत्येकाने 'मी' म्हणायचं. मी केलं!"

आता हसू नका, पण पाळकसाहेब मला नंतर म्हणाले, "चार वर्षं मी सेमिनरीत धर्मशास्त्र शिकलो, हे वाक्य मला सुचलं नाही." मलाही बरं वाटलं. नवरा कोणाचा आहे शेवटी! मी बघितलं, काका पेटीवर हात ठेवून खाली बघत बसलेले. मावशी खिडकीबाहेर.

तेवढ्यात मार्थाआजी उठल्या. त्यांना वाटलं, आपलाच नंबर आहे. "मी सांगते. मी मंगळवारी सुनेला म्हटलं की खीर मांजराने खाल्ली. मांजर नव्हतं."

आमच्या ह्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पेन निघालं, छोटी डायरी निघाली. "किती वाजता?"

"चारच्या सुमाराला."

"सोबत कोण होतं?"

पाळकसाहेब स्टेजवरून धावत आले. "साळवे, साळवे! टिपून घेऊ नका हो! इथे खोडून टाकायचं असतं!"

*

संध्याकाळी भजनं. आमची ख्रिस्ती भजनं ज्यांनी ऐकली नाहीत त्यांना वाटतं आम्ही गिटार घेऊन डोळे मिटून गात असू. अहो, आमच्याकडे झांजा आहेत! ढोलकीवाला सुटला, काकांनी पेटीवर जी काय फिरत घेतली, की बंगल्यातून पाटील, त्यांची मंडळी (म्हणजे बायको), सुना, नातवंडं, सगळे खुर्च्या घेऊन अंगणात आले. पाटलांच्या गावच्या भजनी मंडळातले पखवाजवाले बुवा जेवण अर्धं टाकून आले. म्हणाले, "जरा बसू का?" बसले. मग काका आणि बुवा यांची जी काय जुंपली! काका सूर फेकतायत, बुवा झेलतायत. इकडून आम्ही "आमेन" म्हणून ओरडतोय, तिकडून पाटलांच्या सुना टाळ्या वाजवतायत. क्लासच्या हॉलमध्ये गाणारी माणसं आमची, पण त्या दिवशी बाळकुमने ऐकली!

पाटील उठून माझ्याकडे आले. मग घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, तो बॅनर सारका पडतंय. खिला ठोका." आणि जाता जाता बोट दाखवलं, "एकच!"

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. पाटलांची म्हातारी आई रूथमावशींच्या शेजारी येऊन बसलेली. ती मगापासून गाण्याकडे नाही, मावशींच्या तोंडाकडे बघत होती. दोन भजनांच्या मध्ये जरा शांत झालं, तेव्हा म्हातारी मोठ्याने म्हणाली, "गो बाय, तुजा तोंड हालतंय, पन आवाज नाय येत. का गो?"

मावशी म्हणाल्या, "माझी चाल वेगळी आहे, आजी."

"मंग?" म्हातारीला काही कळेना. "दोन येला गावाचा. एक येला त्यांचे चालीत, एक येला तुजे. घाई कशाला हाय?"

काकांनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले, बोटं दुखतायत. त्यांची बोटं दुखलेली मी तरी पहिल्यांदाच ऐकली.

*

रविवारी मौन. नाश्ता झाल्यापासून प्रभूभोजनापर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही.

हे मौन माझ्या आग्रहाने ठेवलेलं. आमच्या शेजारच्या कांबळेवहिनी विपश्यनेला जाऊन आल्या आहेत, दहा दिवस मौन. शिबिराचं ऐकून मला म्हणाल्या, "शीला, तुम्ही लुथरन आणि मौन? अगं, तुम्ही घरात प्रार्थना करता ती मला बाल्कनीत ऐकू येते. मी तिकडून आमेन म्हणायच्या बेताला येते!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता करूनच दाखवते. मंडळीच्या इज्जतीचा प्रश्न आहे!

आणि केलं हो आम्ही! अर्धा तास, कोणी ब्र काढला नाही. दूधवाला गेटमध्ये बाइक आडवी लावून उभा राहिला, तर आमच्या ह्यांनी ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उभं असल्यासारखं हात करून त्याला रिव्हर्स घ्यायला लावलं. चहात साखर कमी झाली, तर मार्थाआजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं, पण नियमात बसत होतं.

मी मनातल्या मनात कांबळेवहिनींना फोन लावला. आणि तेवढ्यात माझ्या पर्समध्ये टिंग वाजलं. मग शेजारच्या पर्समध्ये. मग सगळ्या अंगणात.

मोबाइल गोळा करायचे राहिले होते! मंडळीचा ग्रुप उघडला.

'किती शांत वाटतंय ना?'

'खूपच. मला तर रडू आलं.'

'चहा उरलाय का अजून?'

'पातेल्यात बघ. गाळणं डावीकडे.'

'अरे मौन आहे ना, श्श्श!'

मी वर बघितलं. झाडाखाली पाळकसाहेब कपाळाला आठ्या घालून मोबाइलवर टाइप करत होते. टिंग! 'प्रियजनहो, कृपया ग्रुपवरसुद्धा मौन पाळावे.'

आणि मग काय. पाळक बोलले आणि मंडळीने उत्तर दिलं नाही, असं आमच्यात कधी झालेलं नाही. टिंग, 'आमेन.' टिंग, 'आमेन पाळकसाहेब.' टिंग, टिंग, टिंग, 'आमेन', 'आमेन', 'आमेन'!

*

मोबाइल बंद झाले, आणि मग खरी शांतता झाली.

प्रभूभोजनाला अजून वेळ होता. याकोबकाका पडवीत पेटी घेऊन बसलेले. सकाळी पेटीवर बोटं फिरवल्याशिवाय त्यांना करमत नाही. पण मौन म्हणून भाता बंद ठेवलेला, नुसती बोटं चालू. वारा नाही म्हणून सूर नाही. पट्ट्या खाली-वर होतात तेवढी टकटक, तीही जवळ गेल्यावरच ऐकू येते. मी काकांच्या मागे भाकरीचं ताट पुसत बसलेली. मावशी बाजूच्या पायरीवर, द्राक्षरसाचे छोटे पेले फडक्याने पुसत होत्या.

काकांनी एक ओळ वाजवली. मुकीच. बोटं मला ओळखीची वाटली. ते गीत होतं, मावशींच्या यजमानांचं. दफनानंतर काकांनी ते कधी वाजवलं नव्हतं, आणि मंडळीनेही कधी मागितलं नव्हतं.

दुसरी ओळ आली. नगरच्या चालीत बोटं डावीकडे, खाली यायला हवी होती.

ती उजवीकडे गेली. वर.

मावशींच्या हातातला पेला तसाच राहिला.

वर जाऊन काकांचं बोट अडखळलं. ते परत पहिल्या ओळीवर आले, पुन्हा वर चढले, पुन्हा तिथेच अडकले. तिसऱ्यांदा तेच. अंगणात एकेक माणूस थांबायला लागला. ढोलकीवाला जागच्या जागी उभा. आमच्या ह्यांनी हात वर करून मागच्यांना थोपवलं. पाळकसाहेब दारात आले, उंबऱ्यातच थांबले. मी ताट छातीशी घट्ट धरलेलं. माझ्या मनात एकच, देवा, आता कोणाचा मोबाइल वाजू देऊ नकोस.

काका पुन्हा वर चढले, पुन्हा चुकले.

मावशींनी पेला खाली ठेवला. उठल्या. पदराला हात पुसत पेटीपाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि पट्ट्यांकडे बघत राहिल्या.

"दादा," मावशी म्हणाल्या, "तिथे काळी नाही. पांढरी."

काकांचं बोट काळ्या पट्टीवर तसंच. मान वर केली नाही त्यांनी.

"म्हणून दाखव."

मावशी हळूच म्हणाल्या, "मौन आहे."

"इतकी वर्षं पाळलं की आपण. पुरे आता," काका म्हणाले, आणि त्यांनी भाता उघडला.